साप पकडता आला नसता तर? : मैत्री, आत्मस्वीकार आणि मुलांची चित्रपुस्तके

दर शनिवारी सकाळी आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत पंधरा-वीस मुले जमतात. सतरंजी अंथरलेली असते. मी एखादे चित्रपुस्तक वाचून दाखवते, पान उलटण्याआधी चित्र सगळ्यांना दिसेल असे फिरवते, आणि मुले मध्येमध्ये जे बोलतात ते घरी आल्यावर वहीत टिपून ठेवते. हा लेख बराचसा त्या वहीतून आला आहे. आणखी नेमके सांगायचे तर त्या वहीतल्या एका प्रश्नातून आला आहे.

त्या शनिवारी मी झाई व्हिटेकर यांचे ‘काली अँड द रॅट स्नेक’ मराठीत सांगत होते. चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाने 2000 साली काढलेले हे पुस्तक. काली हा इरुळा जमातीचा मुलगा. त्याचे वडील साप पकडतात. शाळेत त्याला मित्र नाही. डब्यात तळलेली वाळवी आणणाऱ्या, साप पकडणाऱ्याच्या मुलाशेजारी कोण बसणार? मग एके दिवशी वर्गात भलीमोठी धामण निघते. मुले किंचाळतात, मास्तरांचीही पाचावर धारण बसते आणि काली शांतपणे पुढे होऊन तिला पकडतो. वर्ग त्याला डोक्यावर घेतो. आमच्या खोलीतही टाळ्या पडल्या.

दाराजवळ बसणारी एक मुलगी आहे, तेव्हा दहा वर्षांची. तिच्या हातांवर आणि मानेवर कोडाचे पांढरे डाग आहेत. एप्रिल-मे महिन्यातही ती पूर्ण बाह्यांचे कपडे घालून येते. टाळ्या थांबल्यावर तिने विचारले, “काकू, आणि त्याला साप पकडता आला नसता तर?”

मी म्हणाले, “पण आला ना!” आणि पुढचे पुस्तक उघडले. उत्तर चुकले हे त्याच क्षणी कळले होते. ते का चुकले आणि बरोबर उत्तर देणारी पुस्तके कोणती, याचा शोध मी तेव्हापासून घेते आहे. पालक आणि शिक्षक माझ्याकडे येऊन “मैत्रीवरचे, आत्मविश्वास वाढवणारे एखादे पुस्तक सुचवा” असे म्हणतात, तेव्हा या शोधाचा मला उपयोग होतो. तो इतरांनाही व्हावा म्हणून हा खटाटोप.

स्वीकाराची किंमत

वेगळ्या मुलाच्या गोष्टींचा एक ठरलेला साचा आहे. आधी सगळे त्याला हसतात. मग त्याच्या वेगळेपणाचा सगळ्यांना उपयोग होतो किंवा त्याचे छुपे मोल उघड होते. मग सगळे त्याला जवळ करतात. हान्स ख्रिश्चन अँडरसनने 1843 मध्ये बदकाच्या कुरूप पिल्लाची गोष्ट लिहिली. गदिमांच्या गीतामुळे ती मराठी घराघरात पोहोचली आणि आपल्याला ती आपलीच वाटते. पण त्या गोष्टीत पिल्लाचा स्वीकार कधी होतो? ते राजहंस निघाल्यावर. ते खरोखरच थोडे बेढब बदक असते तर काय, हे गोष्ट सांगत नाही. खोलीतली बहुतेक मुले राजहंस नसतात. ती बदकेच असतात, आणि त्यात काही बिघडलेले नाही.

मार्कुस फिस्टर या स्विस चित्रकाराचे ‘द रेनबो फिश’ (1992) जगभर खपले. पानावर खरोखर चमकणाऱ्या खवल्यांचे मुलांना फार आकर्षण असते. सुंदर मासा गर्विष्ठ आहे, कुणाला खवला देत नाही, म्हणून एकटा पडतो. शेवटी तो आपले खवले एकेक करून वाटून टाकतो, स्वतःसाठी एकच ठेवतो, आणि त्याला मित्र मिळतात. वाटून घ्यावे हा उपदेश चांगलाच आहे. पण खवला म्हणजे खेळणे किंवा खाऊ नव्हे, ते अंग आहे. अंगाचा तुकडा दिल्यावर मिळते ती मैत्री कसली, हा प्रश्न मोठ्यांना सहसा पडत नाही. मुलांना पडतो. एका मुलाने विचारले होते, “त्याला दुखलं नसेल का?”

हा साचा मला इतका खटकतो त्याला माझे स्वतःचे कारण आहे. लहानपणी मी अडखळत बोलत असे. ‘क’ आणि ‘प’ या अक्षरांपाशी माझी गाडी थांबायची. वर्गात मला मैत्रिणी होत्या, कारण मी चौघींचे निबंध लिहून देत असे. दहावीनंतर निबंध संपले आणि मैत्रिणीही संपल्या. त्यांना मी दोष देत नाही. तो व्यवहार मीच सुरू केला होता, आणि तो व्यवहार आहे हे मला सांगणारे एकही पुस्तक तेव्हा माझ्या हाती आले नव्हते.

कालीच्या बाबतीत मात्र न्याय करायला हवा. तो राजहंस होत नाही, खवलेही वाटत नाही. ज्या गोष्टीची त्याला लाज वाटावी असे वर्गाला वाटत होते, तीच त्याची विद्या आहे हे पुस्तक दाखवते. इरुळांचे सापांविषयीचे ज्ञान हे खरेखुरे ज्ञान आहे. 1978 मध्ये त्यांची सहकारी संस्था स्थापन झाली आणि सर्पदंशावरच्या लसीसाठी लागणारे विष ती पुरवत आली आहे. म्हणून हे पुस्तक मी आजही वाचते आणि सुचवते. फक्त त्याच्या जोडीला दुसरे पुस्तक ठेवते, त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देणारे.

चित्र काय करते

ही कामगिरी चित्रपुस्तकाकडेच का सोपवायची? कारण चित्रपुस्तकात दोन निवेदक असतात. शब्द एक सांगतात आणि चित्र दुसरे. शब्दांत पात्र “मला काही वाटत नाही” म्हणते आणि चित्रात त्याचे खांदे पडलेले असतात. वाचता न येणारे मूल ते खांदे आधी पाहते. मैत्रीतला बराचसा व्यवहार असाच न बोलता चालतो. कोण कोणाशेजारी बसले, कोणी पाठ फिरवली, कोण चित्राच्या कोपऱ्यात एकटे उभे आहे, हे मुलांना बरोबर दिसते.

चित्रकादंबरी, म्हणजे ग्राफिक नॉव्हेल, याच्या पुढे जाते. स्कॉट मॅक्लाउड यांनी ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ (1993) या पुस्तकात दोन महत्त्वाच्या गोष्टी दाखवल्या. एक, दोन चौकटींमधल्या कोऱ्या जागेत काय घडले ते वाचक स्वतः भरून काढतो. दोन, चेहरा जितका साध्या रेषांचा, तितके वाचकाला त्यात स्वतःला पाहणे सोपे. दोन टिंबे आणि एक वक्र रेष कोणाचाही चेहरा होऊ शकते. ‘मी अशी का आहे’ हा प्रश्न घेऊन बसलेल्या मुलाला असा चेहरा जवळचा वाटतो.

व्यवहार नाकारणारी पुस्तके

पहिली शिफारस आहे अर्नोल्ड लोबेल यांच्या ‘फ्रॉग अँड टोड’ मालिकेची. 1970 ते 1979 या काळात तिची चार पुस्तके निघाली. उत्साही, हिरवा फ्रॉग आणि चिंतातुर, तपकिरी टोड यांच्या या छोट्या छोट्या गोष्टी आहेत. पहिल्या पुस्तकातली पोहण्याची गोष्ट पाहा. टोड पोहण्याचा पोशाख घालतो, पण त्यात आपण विचित्र दिसतो म्हणून कोणी पाहू नये असे त्याला वाटते. फ्रॉग डोळे मिटतो. पण बातमी पसरते आणि कासव, सरडे, साप, चतुर, उंदीर सगळे काठावर जमतात. टोड थंडीने कुडकुडेपर्यंत पाण्यात बसून राहतो. शेवटी बाहेर येतो तेव्हा सगळे हसतात. फ्रॉगसुद्धा हसतो. टोड आपण विचित्र दिसतो हे मान्य करतो, कपडे उचलतो आणि घरी जातो.

एवढीच गोष्ट. टोड सुंदर निघत नाही, कोणाचा जीव वाचवत नाही. पुढच्याच गोष्टीत फ्रॉग आणि टोड पुन्हा एकत्र असतात. आत्मस्वीकाराची इतकी खरी व्याख्या मी दुसरीकडे वाचलेली नाही. ‘मी सुंदर आहे’ असे स्वतःला पटवणे वेगळे. ‘मी असा दिसतो, आणि आता मला घरी जायचे आहे’ हे वेगळे, आणि ते जास्त टिकते. लोबेल यांनी 1974 मध्ये आपण समलिंगी असल्याचे घरच्यांना सांगितले. ही पुस्तके म्हणजे त्या सांगण्याची सुरुवात होती, असे त्यांच्या मुलीने पुढे म्हटले आहे. मुलांना हे सांगण्याची गरज नाही. पण या गोष्टींतला हळुवारपणा कुठून आला असेल, हे मोठ्यांना त्यातून थोडे कळते.

दुसरी शिफारस मन्रो लीफ यांच्या फर्डिनंड या बैलाची. रॉबर्ट लॉसन यांच्या चित्रांसह हे पुस्तक 1936 मध्ये आले. इतर वासरे टकरा घेतात आणि फर्डिनंड झाडाखाली बसून फुलांचा वास घेतो. त्याच्या आईला काळजी वाटते, पण तो एकटा असला तरी एकाकी नाही हे कळल्यावर ती त्याला तसाच राहू देते. पुढे चुकून त्याला झुंजीच्या रिंगणात नेतात. तिथेही तो लढत नाही, आणि शेवटी त्याला परत आणून सोडतात. इथे वेगळेपणाचा कोणालाही उपयोग झालेला नाही, आणि तरी गोष्ट सुखाने संपते. “हा कोणात मिसळत नाही” अशी तक्रार घेऊन येणाऱ्या पालकांना मी हे पुस्तक देते. ते मुलासाठी नसते, त्यांच्यासाठी असते.

शाळेच्या वयाच्या चित्रकादंबऱ्या

नऊ-दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी सीसी बेल यांची ‘एल डीफो’ (2014) ही आत्मकथनपर चित्रकादंबरी. मेंदूज्वराने चौथ्या वर्षी लेखिकेची ऐकण्याची शक्ती गेली. शाळेत तिला छातीवर बांधायचे मोठे श्रवणयंत्र मिळते. शिक्षिकेच्या गळ्यात मायक्रोफोन असतो, त्यामुळे बाई शाळेत कुठेही गेल्या तरी त्यांचा आवाज हिला ऐकू येतो. पुस्तकातली सगळी माणसे सशाच्या रूपात आहेत. जिला आपल्या कानांचीच लाज वाटते तिला लेखिकेने सर्वांत मोठे कान दिले आहेत. यंत्राची बॅटरी उतरू लागते तेव्हा संवादाच्या फुग्यातली अक्षरे फिकी होत जातात आणि शेवटी फुगा कोरा राहतो. ऐकू न येणे म्हणजे काय, हे एका पानात कळते.

मैत्रीबद्दलही हे पुस्तक फार बारकाईने बोलते. एक मैत्रीण हिच्यावर हुकूम गाजवते. दुसरी प्रेमळ आहे, पण हिच्याशी मुद्दाम मोठ्याने आणि सावकाश बोलते, आणि त्या प्रेमाचाच हिला जाच होतो. कोणीही दुष्ट नाही, तरी सगळे दुखावणारे. शिवाय आपला साचाही इथे येतो. बाई परत येत असल्याची खबर यंत्रामुळे हिला आधी कळते, आणि वर्ग खूश होतो. पण पुस्तक तिथे थांबत नाही. वर्गाच्या कौतुकापेक्षा मोठी जागा ते एका मैत्रिणीला देते. स्वतःचे गुपित तिच्यापाशी उघड करता येणे, हा खरा शेवट आहे.

रैना टेल्गेमायर यांची ‘स्माइल’ (2010) सहावीतल्या एका मुलीची गोष्ट आहे, तीही आत्मकथनपर. ती पडते, पुढच्या दोन दातांना इजा होते आणि पुढची कित्येक वर्षे दंतवैद्याच्या खुर्चीत जातात. पण गोष्टीचे मर्म दातांत नाही. ज्यांना ती मैत्रिणी समजते त्या तिची सतत टर उडवतात, आणि एक दिवस ती त्यांच्यापासून दूर होते. “जुळवून घे” हा सल्ला आपण मुलींना इतक्या वेळा देतो, की काही मैत्र्या सोडायच्या असतात हे सांगायचे राहूनच जाते.

दोष मुलात नसतो तेव्हा

इथे एक धोका सांगितला पाहिजे. ‘स्वतःला स्वीकार’ हा सल्ला कधीकधी अन्यायाचा असतो. अडचण मुलात नसून भोवतालच्या माणसांत असेल, तर स्वीकार कशाचा करायचा?

प्रथम बुक्सचे ‘चुस्कित गोज टू स्कूल’ हे सुजाता पद्मनाभन यांचे पुस्तक पाहा. लडाखमधली चुस्कित चाकांच्या खुर्चीवर असते. शाळेची वाट खडबडीत, त्यात ओढा. ‘मी आहे तशी चांगली आहे’ असे तिने मनाशी म्हणून खुर्ची पुढे जाणार नसते. अब्दुल नावाचा मुलगा मुख्याध्यापकांपुढे प्रश्न मांडतो, आणि शाळेतली मुले मिळून वाट सारखी करतात. मैत्री म्हणजे इथे सहानुभूती नाही, श्रमदान आहे. वाट सारखी व्हावी म्हणून चुस्कितला आधी काही सिद्ध करून दाखवावे लागत नाही. माझ्या मते ही या लेखातली सर्वांत महत्त्वाची शिफारस आहे.

त्याहून कठोर उदाहरण ‘भीमायन’चे (2011). दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी ते रेखाटले. शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे. कालीची चित्रेही श्रीविद्या नटराजन यांचीच होती. साताऱ्याच्या शाळेत तहानलेला लहान भीम, मसूर स्टेशनवर उतरल्यावर गाडी न मिळालेली मुले, हे प्रसंग डॉ. आंबेडकरांच्या आठवणींतून मराठी वाचकाला परिचित आहेत. पण व्याम दांपत्याने ते नव्याने दाखवले. पात्रांना त्यांनी चौकटींत कोंडले नाही. मायेने बोलणाऱ्यांचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे आहेत, आणि विषारी बोलांच्या फुग्यांना विंचवाची नांगी आहे. त्या तहानलेल्या मुलाला आत्मस्वीकाराचा उपदेश कोण करील? त्याला पाणी हवे होते. बारा वर्षांपुढच्या मुलांबरोबर हे पुस्तक मोठ्यांनी शेजारी बसून वाचावे.

निवडावे कसे, द्यावे कसे

पुस्तक निवडताना मी आता चार प्रश्न विचारते. वेगळ्या मुलाला स्वीकारासाठी काही पराक्रम करावा लागतो का? शेवटी कोण बदलते, ते मूल की भोवतालचे? हसणाऱ्यांना पुस्तक राक्षस ठरवते, की तीही मुलेच आहेत हे दाखवते? आणि ते मूल एरवीही कधी हसते, भांडते, खोड्या काढते का, की पानोपानी फक्त सहन करते? चारही उत्तरे मनासारखी मिळाली पाहिजेत असे नाही. पण प्रश्न विचारले की पुस्तकाची जागा कळते.

देण्याची रीत निवडीइतकीच महत्त्वाची. अमेरिकी अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी 1990 मध्ये म्हटले की, पुस्तक काही मुलांसाठी आरसा असते आणि काहींसाठी खिडकी. आपण नेमकी इथे चूक करतो. जाड मुलाला जाड मुलाचे पुस्तक देतो आणि अडखळणाऱ्याला अडखळणाऱ्याचे. औषधासारखे हाती ठेवलेले पुस्तक मुलाला सांगते, ‘तुझ्यात काय खोट आहे ते आम्हाला माहीत आहे.’ आरशाची गरज त्याला असेलही, पण खिडकीची गरज हसणाऱ्या बाकीच्या मुलांना जास्त असते. म्हणून असे पुस्तक सर्वांसमोर, सर्वांसाठी वाचावे. कोणाकडे पाहून वाचू नये. संपल्यावर ‘यातून काय शिकलात?’ असे विचारू नये.

मराठीपुरते बोलायचे तर चित्रपुस्तकांची बाजू पूर्वीइतकी लंगडी राहिलेली नाही. माधुरी पुरंदरे यांनी ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांत घरातली साधी माणसे आणि साधी मुले शब्दांत आणि चित्रांत उभी केली. ती मुले मोठी कामगिरी करत नाहीत, नुसती असतात, आणि तेच त्यांचे मोल आहे. तूलिका मराठीसह नऊ भाषांत पुस्तके काढते. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर 2015 पासून मराठीतही पुस्तके विनामूल्य वाचता येतात. चित्रकादंबरीची जागा मात्र बरीचशी रिकामी आहे. चित्रकथा म्हटली की आपल्याला पुराण आणि इतिहास आठवतो. आपल्या तालुक्याच्या गावातल्या, एसटीने शाळेत जाणाऱ्या मुलीची ‘स्माइल’ कोणीतरी काढायला हवी. मराठी न आलेली पुस्तके मी चित्रे दाखवत तोंडी सांगते. मुलांची त्याबद्दल तक्रार नसते.

त्या प्रश्नानंतर काही आठवड्यांनी मी टोडची पोहण्याची गोष्ट तशीच सांगितली. पोशाखातला टोड पाहून मुले खो खो हसली. ती मुलगीही हसली. मग तिने विचारले, “पण फ्रॉग का हसला? तो तर मित्र होता.” मी या वेळी उत्तर दिले नाही. थोडा वेळ गेला. सतरंजीच्या दुसऱ्या टोकाचा एक मुलगा म्हणाला, “मित्र हसला तर चालतं. तो उद्या पण येणार असतो.” त्यावर बरेच भांडण झाले. काहींच्या मते मित्राने अजिबात हसू नये. काहींच्या मते टोड निघून जाताना फ्रॉगने त्याच्याबरोबर जायला हवे होते. ती म्हणाली, “साप पकडायला नाही लागला, ते बरं झालं.”

तिच्या बाह्या अजूनही लांबच असतात. मी त्याबद्दल काही बोलत नाही. एका पुस्तकाने तेवढे होत नसते, आणि व्हावे अशी अपेक्षाही नसावी. गेल्या शनिवारी जाताना ती ते पुस्तक एका मैत्रिणीसाठी मागून घेऊन गेली. नोंदवहीत मी तिच्या नावापुढे परतीची तारीख लिहिलेली नाही.